मी नांगरलेला रस्ता

"चपला काढ," मालक म्हणाला.

मी काढल्या. पेरलेल्या वावरात चपला घालून पाय टाकू नये, अशी आमच्याकडची रीत. मीही ती पाळतो. पण मी वावरात नव्हतोच, कडेच्या धुऱ्यावर, बांधावर उभा होतो. आणि मालकाचा जावई बूट घालून त्याच पेरलेल्या वावरात फोनवर बोलत फिरत होता. त्याला कोणी काही म्हणालं नाही. चाळिशी उलटलेला मी चपला हातात धरून उभा.

मागे डांबरी सडकेवर भाड्याचा ट्रॅक्टर थांबला होता. बायको हरभऱ्याच्या बियाण्याची थैली घेऊन सडकेच्या कडेला बसली होती. मालकाच्या वावरामागे माझं दीड एकर. दसऱ्याला खरेदी झाली. आजा सालदार, बाप सालदार, मी बारा वर्षं ह्याच मालकाचा ट्रॅक्टर चालवला. घराण्यातलं पहिलंच नाव सात-बाऱ्यावर चढलं होतं. पडीत जमीन एका दिवसात वखरायची आणि पेरायची, एवढंच काम. ओल फार तर चार दिवस टिकली असती.

जुन्या गाडीरस्त्यानं ट्रॅक्टर नेतो, म्हणालो. बाकी पेऱ्याला चाकही लागणार नाही, म्हणालो.

"कोठं आहे रस्ता? दाखव मले."

मी हात केला. हात केला तिथं त्याचा हरभरा पेरलेला होता.

"तो त तूनंच नांगरला बे," तो जावयाकडे बघून हसला. "आता काऊन शोधून राह्यला?"

मी खाली बघितलं. कारण ते खरं होतं.

त्या दीड एकराला पूर्वी बैलगाडीचा चांगला रस्ता होता. तेव्हा ती जमीन हमीदचाचाची होती. नांगरणी आली की मालक म्हणायचा, औंदा रस्त्यात दोन तास जास्त घे. मी नांगराच्या दोन ओळी जास्त घ्यायचो. पुढच्या वर्षी आणखी दोन. एकदा चाचा ट्रॅक्टरपुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "बेटा, गाडी जाईल एवढा त ठेव." मी ट्रॅक्टरवरच्या गाण्याचा आवाज वाढवला आणि फाळ खाली सोडला. मालकानं त्या दिवशी माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

रस्ता गेला म्हणूनच चाचानं जमीन विकायला काढली. लपवलं नाही त्यानं काही. तूच जाणतोस बेटा, एवढंच म्हणाला. खरेदीखतात रस्त्याचं अक्षर नव्हतं. मीही विचारलं नाही. मला वाटलं, बारा वर्षं राबलो, मी तर मालकाच्या घरचाच माणूस. मला कोण अडवणार?

ट्रॅक्टर परत गेला. बायकोनं थैली डोक्यावर घेतली आणि अनवाणी धुऱ्यानं चालू लागली. मी कुदळी घेऊन मागे. तीन दिवस आम्ही ती टणक जमीन फोडत होतो आणि दाणा दाणा हातानं टोबत होतो. पाव एकरही झालं नाही. चौथ्या दिवशी खड्ड्यातून कोरडी माती निघाली. तरी टोबत राहिलो, दुसरं करणार काय? आठवडा गेला तेव्हा पलीकडे मालकाचा हरभरा वर आला होता. आमचा इथं एक, तिथं एक.

बायको कुदळ टाकून बसली. मग म्हणाली, "चाचालेही असंच केलं होतं न तुमी?"

मालकाच्या हसण्यानं मी खाली बघितलं होतं. तिच्या ह्या प्रश्नानं वर बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी लोणारला गेलो. तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून रस्त्याचा अर्ज लिहून घ्यायला बसलो. त्यानं विचारलं, रस्ता मोडला कोणी?

"मी."

त्यानं पेन खाली ठेवलं. असं लिहिलं तर तू बी गुंतशील, म्हणाला. मी म्हटलं, लिहा. कोणाच्या सांगण्यावरून, तेही लिहा. दर वर्षी किती तास, तेही लिहा. मला सगळं पाठ आहे.

परवा मालकाचा निरोप आला. अर्ज मागे घे, ट्रॅक्टरवर परत कामाला ये, तुझं वावर मीच पेरून देतो.

गेलो नाही. जाणार नाही. दीड एकर ह्या वर्षी पडीत राहिलं, कदाचित पुढच्याही वर्षी राहील. घरात काय शिजेल, ठाऊक नाही. पण चौकशीला माणसं येतील, तेव्हा चाचाला शेजारी घेऊन मी त्या हरभऱ्यात उतरणार आहे. पहिला फाळ कुठं घातला, दुसरा कुठं, पाय ठेवून दाखवणार आहे.

चपला घालून.