पियानोवरचं जंगल

गोंदियाच्या रेल्वे वसाहतीतल्या क्लबात एक पियानो होता. साहेबलोक देश सोडून गेले, पियानो तेवढा मागे राहिला, आणि राहिली तो वाजवणारी एका गार्डची विधवा. मी तेव्हा शाळेसाठी गोंदियाला मामाकडे राहत होते. हार्मोनियम येते म्हणून मोठ्या ऐटीत त्या बाईंकडे गेले आणि पहिल्याच दिवशी तोंड पाडून परतले. डावा हात फक्त भाता हलवायला असतो अशी माझी समजूत!

चार वर्षांत बाईंनी मला एक मालिका शिकवली. शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपीय संगीतकारानं जंगलावर रचलेले सहा लहान तुकडे, एकामागून एक वाजवायचे. एकात पहाट, एकात ओढा, एकात वादळ. मला मात्र ते जंगल आमच्या तिरोड्याजवळच्या बोदलकशाकडचंच वाटायचं. मी घाई केली की बाई म्हणायच्या, "धीरे, बेटी. जंगल में कोई दौड़ता नहीं."

मॅट्रिक झाल्यावर बाबा तिरोड्याहून मला न्यायला आले. "हे काऊन शिकून रायली तू? लग्नात कोन पुसते याले?" बाईंनी त्यांना विनवलं, की नाताळात ही क्लबात वाजवणार आहे, ते ऐका आणि मग ठरवा. "आयकतो," बाबा म्हणाले. "नाही पटलं, तर दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधाचं."

नाताळापर्यंत धान कापून झालं होतं. बाबा, माय आणि मायसोबत रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाणाऱ्या दोघी जणी मागच्या बाकावर येऊन बसले. पहाट बरी गेली. ओढ्याच्या मध्यावर माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. पुढचा सूर आठवेना. सुरांची वही मीच मिजाशीत घरी ठेवली होती. बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. आता गाठोडं, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात मागून मायचा आवाज आला. आमच्याकडे रोवणी करताना बायांची एक रांग ओळ म्हणून थांबते, आणि दुसरी रांग ती झेलून परत करते. झेलली नाही तर म्हणणारीचा अपमान होतो. मायनं माझी शेवटची ओळ झेलली. शब्द नव्हतेच, म्हणून नुसतं "हो हो" करत गायली, आणि त्या दोघींनी तिला साथ दिली. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी वळून पाहू लागली, कुणी हसलंही. मला आधी संताप आला, मग धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण त्यांनी ओळ दुसऱ्यांदा परत केली, आणि तिच्या शेवटाला लागून पुढचा सूर माझ्या बोटांत आपसूक आला. मग मी सहावा तुकडा संपेपर्यंत थांबले नाही.

बाहेर आल्यावर बाबा बाईंना म्हणाले, "शिकवा वो बाई तिले. पन मधात असी थांबू नको म्हना, जीव जाते."

माय त्यांच्यावर उखडली. "काऊन नाही थांबन? आपल्यासाठीच थांबली ते. आपली बारी होती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना वो?"

मी हो म्हटलं. बाईंना खरं ठाऊक होतं, त्याही गप्प राहिल्या. माझं पुढचं सगळं शिकणं मायमुळे झालं, आणि तिचे आभार मानायचे मात्र राहून गेले. मानले असते, तर मी का थांबले होते तेही तिला सांगावं लागलं असतं.