बंबखान्यातली घंटा

पोलीस खात्यातल्या नोकरीतल्या बऱ्याच घटना पुसट झाल्या. भोरच्या जुन्या बंबखान्यातली मात्र अजूनही जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते.

बंबखाना म्हणजे संस्थानी काळातलं अग्निशमन केंद्र. काळ्या दगडाची इमारत, बंबगाडी आत जाईल अशा दोन उंच कमानी, मागे कॅनव्हासचे पाइप टांगून वाळवायचा अरुंद मनोरा आणि त्याच्या टोकाला आगीची घंटा. जमिनीखाली पाण्याचा हौद. नवं केंद्र झाल्यावर हे बंद पडलं. घंटेच्या आत आपटणारा लोळाही काढून नेला. एक निवृत्त फायरमन तेवढे रोज येऊन झाडलोट करायचे.

एका दुपारी पासलीच्या वरच्या वाडीतली धनगर बाई ठाण्यात आली. ती शेळ्या घेऊन बाजाराला आली होती.

"सायेब, त्या बंबखान्यात घंटा वाजतीया. शेरडं पार बिथरली."

ठाणे अंमलदार हसले. "मावशी, त्या घंटेला लोळाच न्हाई."

"मंग वाजतंय काय?"

मी जागेवर गेलो. दाराला कुलूप होतं. झाडलोट करणारे म्हातारे फायरमन दोन-तीन दिवस दिसले नाहीत, असं शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. त्यांच्या भाच्याला ठाण्यात आणलं.

"मामा विंझरला पोरीकडं गेल्यात," तो म्हणाला.

मुलीला फोन लावला. ते तिच्याकडे आलेच नव्हते. मी भाच्याला चहा दिला आणि सहज विचारलं, "मामांचा स्वभाव कसा आहे?"

"लई चांगले हुते."

जिवंत माणसाबद्दल कुणी 'हुते' म्हणत नाही. मी तोच शब्द परत म्हटला, "हुते?" तो रडू लागला. जुन्या बंबाचं पितळ चोरताना मामांनी त्याला अडवलं होतं. झटापटीत ते रिकाम्या हौदात पडले. हालचाल दिसेना, म्हणून याने हौदाच्या तोंडावर फरशी ओढून घेतली.

आम्ही ती फरशी सरकवली, तेव्हा आतून खोकल्याचा आवाज आला.

मांडीचं हाड मोडलं होतं. भिंतीतून पाझरणाऱ्या पाण्यावर ते तगले होते. स्ट्रेचरवर घेताना मी विचारलं, "मामा, घंटा कशी वाजवलीत?"

"म्या? मोडक्या पायानं? म्या बी खालनंच आयकत हुतो. वाटलं, कुठंतरी आग लागली, आता पोरं बंब काडाय येतील."

मी मनोऱ्यात डोकावलो. जिना कधीच कोसळलेला होता. वर घंटा टांगलेली, आतून रिकामी. वारा नव्हता.

नंतर आसपास चौकशी केली. आवाज अनेकांनी ऐकला होता. भुताटकी असेल म्हणून सगळे गप्प बसले होते, आणि त्यांच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर एक माणूस मरत होता.

तेव्हापासून ठाण्यात कुणी कितीही अजब तक्रार घेऊन आलं, तरी मी आधी जागेवर जाऊन पाहत असे. पंचनाम्यात घंटेबद्दल मी काहीच लिहिलं नाही. काय लिहायला हवं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.