गोडानंतरची कॉफी

मणगण्याच्या खिरीची वाटी रिकामी झाली की आमच्या हॉटेलातले काका पाहुण्याच्या मागे येऊन उभे राहायचे आणि खुर्चीच्या पाठीवर हलकेच हात ठेवायचे. पाहुणा उठायच्या बेतात असायचा. पण मागे कोणी असं हात ठेवून उभं असताना खुर्ची सरकवायची कशी? "वायच बसा," काका म्हणायचे, "कॉफी येता."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मला स्वतःला आग्रहाचा मनस्वी तिटकारा. लग्नात कोणी जिलेबीचं ताट घेऊन मागे लागलं की मी सरळ तोंडावर नाही म्हणते. काकांना मात्र मला कधी नाही म्हणता आलं नाही, आणि पाहुण्यांनाही नाही. पाहुणा "नको, नको" म्हणत परत टेकायचा, आणि कप समोर आला की अर्धा तास गप्पा मारत बसायचा.

आमचं हॉटेल पेडण्याहून विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आमचं म्हणजे मालकाचं. मी तिथे गल्ल्यावर असते, फोन घेते, टेबलांचं बुकिंग बघते. रोज कोरगावहून स्कूटरने येते. मालकाला आम्ही सगळे पात्रांव म्हणतो, आमच्याकडची ती जुनी रीत. आणि मी तोंडाची फटकळ आहे हे पात्रांवापासून भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना ठाऊक. "ती तोंडावर सांगता," असं लोक म्हणतात, आणि खरं सांगते, मला ते ऐकायला आवडायचं.

काका मूळचे सावंतवाडीकडचे. तरुणपणी डिचोलीला खाणीवर आले आणि तिथल्या कँटीनमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्याकडे वाढपी म्हणून लागले. पण गुडघे बोलायला लागले होते, हातही थोडा कापायचा. एकदा माशांच्या हुमणाची आख्खी वाटी त्यांनी एका पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर रिकामी केली. पाहुणा उसळला. काकांनी शांतपणे त्याचा शर्ट उतरवून घेतला, स्वतःचा त्याला घातला आणि बनियनवर उभे राहून विचारलं, "भात हाडू?" तो माणूस हसायलाच लागला.

पात्रांव मात्र हसला नाही. पण त्याने काकांना काढलंही नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक शेगडी आणि एक जर्मनचा टोप देऊन सांगितलं, "तू आजपासून कॉफीच कर." तेव्हापासून काकांकडे दुसरं कामच नव्हतं. ते स्वतःच मला म्हणायचे, "कॉफी आसा तवसर मी आसंय गे बाय." हसत म्हणायचे, पण ते खरं होतं हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

कॉफी दुधात उकळलेली, वर जायफळाची चिमूट. सकाळचा पहिला कप माझा. मी प्यायचे आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

"कशी जाली?"

"आज जायफळ जास्त."

"हां," म्हणून मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी कमी घालायचे. बाकी कोणाला विचारत नसत. म्हणायचे, "तां सगळे बरी बरी म्हणतत. तू खरां सांगतंस."

त्यांना एकदा विचारलं, की काका, एवढा कशाला जीव टाकता त्या कपासाठी? तर त्यांनी खाणीवरची गोष्ट सांगितली. एक ट्रकवाला रोज कँटीनला जेवायचा. मान खाली, भसाभसा खाऊन पळायचा. एक दिवस काकांनी त्याला बळेच बसवून कॉफी दिली. अर्धा कप झाल्यावर तो म्हणाला, दोन दिवस ब्रेक नीट लागत नाही, पण गाडी उभी केली तर मालक ओरडेल. काका तसेच उठून सुपरवायझरकडे गेले आणि गाडी उभी करायला लावली. "जेवताना मनीस खाता," ते म्हणाले. "बोलता तो मागसून."

माझं ठरलेलं लग्न मोडलं, त्या दिवशीही मी कामावर आले होते. कोणाला काही सांगितलं नव्हतं. दुपारी जेवण झाल्यावर काकांनी माझ्या खुर्चीवर हात ठेवला. कॉफी दिली आणि समोर बसून लसूण सोलत राहिले. मी तो कप पिता पिता ढसाढसा रडले. त्यांनी विचारलं नाही, की काय झालं. गड्डा सोलून झाला तेव्हा दुसरा घेतला.

एवढं सगळं सांगते आहे, कारण पुढे मी काय केलं ते तुम्हाला नीट कळावं.

विमानतळ सुरू झाल्यावर आमच्याकडे टूरच्या बसेस यायला लागल्या. एका बसमध्ये चाळीस माणसं. थाळी, गोड, आणि पस्तीस मिनिटांत सगळी परत बसमध्ये. पॅकेज ठरवायला बसलो तेव्हा पहिला वाद कॉफीवरच. टूरवाला म्हणाला, कॉफी नको, माणसं रेंगाळतात. पात्रांवाचं मत तेच. "कॉफी दिली की मनीस टेबल सोडना. मागची बस दारात उभी."

मी भांडले. म्हटलं, गोड खाल्ल्यावर माणसाला तसंच उठवून हाकलायचं ही कसली पद्धत? हॉटेल आहे की गोठा? पात्रांव मला ओळखून आहे. हात जोडून म्हणाला, "बरें, पंधरा दिस दी. पळोवया. पण वेळ तू सांभाळ."

"सांभाळते," मी म्हटलं. आणि अकडून म्हटलं.

मग मी अशी व्यवस्था लावली. बसचा गाइड मला फोन करणार. तो "पोचलोच" म्हणाला की मी स्वयंपाकघराची घंटी वाजवणार. लगेच चाळीस थाळ्या, चाळीस वाट्या गोड आणि चाळीस कप कॉफी, सगळं एकदम टेबलावर मांडून तयार. माणसं आली की बसली, खाल्लं, प्यायलं, उठली. कागदावर काय सुरेख दिसत होतं!

काकांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "थाळयेवांगडा कॉफी? मागसून दी गे. धाच मिनटां दी माका."

"काका, दहा मिनिटं कुठून आणू? ठेवायची तर अशीच, नाहीतर जाईल."

मग ते प्रत्येक कपावर बशी पालथी घालून पाठवायला लागले.

आता गाइड जातीचा माणूस "पोचलोच" म्हणतो तेव्हा तो कुठे असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय वाटेत रस्ता खणलेला. पहिल्या दिवशी घंटी वाजल्यावर बस यायला पंचवीस मिनिटं लागली. त्यात माणसं हात धुणार, जेवणार. शेवटी बशी उचलून बघत, खाली जाड साय धरलेली गार कॉफी, आणि बशी परत ठेवून देत. चाळीसातले पस्तीस कप भरलेले परत गेले.

काकांची शेगडी पार मागे. तिथून ना रस्ता दिसतो, ना टेबलं. त्यांना एवढंच कळायचं की घंटी वाजली, कप गेले, आणि नंतर कप भरलेले परत आले.

मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण व्यवस्था माझी होती. पात्रांवासमोर मिरवलेली. "माझं चुकलं" हे दोन शब्द माझ्या या फटकळ तोंडातून येईनात. उद्या गाइडला झापते, उद्या घंटी उशिरा वाजवते, असं करत पंधरा दिवस काढले. वाढप्यांना दिसत होतं, पण माझ्या तोंडी कोण लागणार?

काका रोज विचारायचे, "कोण पियाक नाय?" मी म्हणायचे, "घाईत होते हो." त्यांनी दूध बदललं, पूड बदलली, जायफळ बंद करून वेलची घातली. सकाळी माझ्या हातातला कप मात्र तसाच असायचा, गरम आणि नेटका. मी म्हणायचे, छान आहे. खरंच छान असायची.

पंधराव्या दिवशी पात्रांव स्वतः स्वयंपाकघरात आला. भरलेल्या कपांचे तीन ट्रे ओट्यावर होते. काका शेगडीपाशी उभे.

पात्रांव तसा वाईट माणूस नाही. त्याने मला नीट विचारलं, "कप केन्ना मांडटात?"

"बस आली की," मी म्हटलं.

"गरम आसता?"

"हो. वाफ असते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सकाळी पहिला कप देऊन बघायचे तसंच.

"खरांच गे बाय?"

मी मोबाइलमध्ये बघत होते. काही नव्हतं त्यात. "हो काका," मी म्हटलं. "लोक पीत नाहीत आता कॉफी."

"बरां," ते म्हणाले आणि शेगडी बंद केली. महिनाअखेरीला पात्रांवाने त्यांना निरोप दिला, शाल वगैरे घालून. काका डिचोलीला आपल्या घरी गेले. पॅकेजमध्ये आता गोडावर जेवण संपतं. माणसं पस्तीस मिनिटांत उठतात, कोणाची तक्रार नाही.

पेडणे ते डिचोली काही परदेश नाही. स्कूटरने तास-दीड तास. दर रविवारी ठरवायचे, जाऊन सांगायचं. कधी पाऊस, कधी आईचं दुखणं, कधी नुसताच आळस. आळस म्हणते, पण ती भीती होती. सात महिने असे गेले. मग एक दिवस डिचोलीकडचा भाजीवाला बोलता बोलता म्हणाला, तुमचे कॉफीवाले काका गेले. झोपेतच. आठ दिवस झाले.

तेव्हा मात्र गेले. घर रस्त्याला लागूनच, भिंती खालून हातभर खाणीच्या मातीने लाल. काकी दारातच बसल्या होत्या. मी हॉटेलातली म्हटल्यावर त्यांनी मला लगेच ओळखलं. "तूच मां ती? तुझां नाव रोज काढीत."

त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. घरी आल्यावर काका महिनाभर रोज सकाळी कॉफी करायचे. एक घोट घ्यायचे आणि उरलेली माडाच्या मुळात ओतायचे. म्हणायचे, हाताची चव गेली. मग करायचंच बंद केलं. शेजारी सत्यनारायण होता, लोक बोलवायला आले, काका, कॉफी तुमच्याच हातची. हे गेले नाहीत. म्हणाले, नको, लोक पियाचे नाय.

"मी किती सांगलंय, चांगली जाली हा," काकी म्हणाल्या. "तर माका म्हणत, तुका काय कळता? ती बाय खोटां सांगूची नाय."

मी तिथेच पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. घंटी, पंचवीस मिनिटं, साय, पात्रांवाचा प्रश्न, माझं उत्तर. काही गाळलं नाही. सांगताना रडू येत होतं ते दाबलं, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. माझं संपल्यावर काकींनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं.

मग म्हणाल्या, "येवन सांगूक होयां होतां गे बाय. सात म्हयने हंयच बसान होते ते."