आडवा वारा आणि वहिनींचे हात

समोरच्या वहिनी एकोणीस वर्षं शहर बस चालवत होत्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पायलट व्हायचं मनावर घेतलं, तेव्हा ही बातमी चारही मजल्यांवर पोचवण्याचं पुण्यकर्म मीच केलं. वर विचारलंही, "वहिनी, हात दाखवला की विमान थांबणार ना?" धावत्या बसला लटकणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

चार वर्षं गेली. दोनशे तास उडूनही झाले. नोकरी देणारा परवाना तेवढा राहिला, आणि घोडं तिथेच अडलं.

भानगड अशी, की जमिनीवर विमान वळतं ते पायांनी, खालची पेडलं दाबून. हातातलं चाक पंखांसाठी. ते वाऱ्याच्या बाजूला धरून ठेवायचं. वहिनींना हे तोंडपाठ. पण उतरताना आडव्या वाऱ्याने विमानाचं नाक भलतीकडे ओढलं, की त्यांचे हात थेट बसमध्ये जायचे आणि चाक उलटं फिरवायचे. दोनदा शेजारी बसलेल्या परीक्षकांना स्वतःचे पाय लावून विमान सावरावं लागलं. दोनदा नापास. रजा संपत आली होती, म्हणून तिसरी खेप शेवटची. नाहीतर सोमवारपासून पुन्हा बस, आणि तीही निवृत्तीपर्यंत.

मग रोज सकाळी आमच्या खिडकीतून दिसू लागलं, की वहिनी खुर्चीत बसल्यात, पायांशी दोन विटा, आणि त्यांचे शिंपी यजमान मापाच्या टेपने त्यांचे हात खुर्चीला बांधतायत.

"डावीकडून वारा!" ते ओरडायचे. वहिनी उजवी वीट दाबायच्या.

"भाऊजी, तोंड मिटा. माशी जाईल," हे मला.

परीक्षेच्या दिवशी नेमका आडवा वारा सुटला, तोही डावीकडून. यजमान आणि मी मैदानाच्या कुंपणाला चिकटून उभे.

"आज तुम्ही काही बोलू नका," ते म्हणाले.

"मी कुठे काय बोललो?"

"बोलणार होतात."

विमान उतरायला लागलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "डाव्या पंखाच्या मागची पट्टी बघा. वर आहे ना? म्हणजे चाक वाऱ्याच्या बाजूला. ती खाली आली की समजा हात फिरले."

चाकं टेकली. नाक डावीकडे निघालं, सरळ गवताच्या दिशेने. पट्टी थरथरली. अर्धी खाली आली.

"नको गं," यजमान पुटपुटले, "नको, नको, नको."

पट्टी तिथेच अडकल्यासारखी थांबली. मग हळूहळू वर गेली. नाकही इंचाइंचाने धावपट्टीच्या मधल्या रेषेवर परत आलं. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबलं आणि वळून आमच्यासमोर येऊन उभं राहिलं.

परीक्षक एकटेच उतरले. चेहरा कोरा. शेवटी मी विचारलंच, "साहेब, पाय लावलेत का?"

"सीटखाली ओढून बसलो होतो," ते कपाळ पुसत म्हणाले. "घाम फुटला, पण लावले नाहीत. पास आहेत बाई. तेवढं त्यांना खाली उतरवा. चाक सोडत नाहीयेत."

यजमान धावत गेले, पंखावर चढले आणि त्यांनी दार उघडलं. वहिनी समोर बघत बसल्या होत्या. ते त्यांचं एकेक बोट सोडवायला लागले.

"अगं, झालं. उतर आता."

"थांबा हो," वहिनी म्हणाल्या, "वारा अजून पडला नाहीये."