पुढच्या एक्सलवरचा लाल रंग

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटून उठतो. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. माझं मलाच नीट माहीत नाही.

गोष्ट एका जीपची आहे. म्हणजे — जीपच्या पुढच्या एक्सलची. तुम्ही म्हणाल, लोखंडाच्या दांड्यात कसलं आलंय पाप? मीही बरीच वर्षं स्वतःची अशीच समजूत घालत आलो.

माझी ताई कांदिवलीला दिलेली. तिचे यजमान, नाना, डोंगराच्या अंगाला दगडाची खाण चालवायचे. इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. लढाईतल्या जुन्या जीपगाड्या तेव्हा लिलावात मिळायच्या, तशी एक नानांनी घेतली होती. खाणीच्या वाटेला रस्ता म्हणणं ही चेष्टाच. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाणीचा खोल खड्डा. त्या वाटेवर गाडी चालवायचा भिवा — मालवणकडचा, नानांच्याच वयाचा, अबोल माणूस. आणि गाडीची दुरुस्ती माझ्याकडे. घाटकोपरला माझं छोटं गॅरेज होतं, आणि आपल्या हाताबद्दल मला भलताच गर्व होता.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता गाडी एका बाजूला ओढू लागली. खाली पाहिलं तर पुढचा एक्सल वाकलेला. नानांचं म्हणणं सरळ होतं — बदलून टाक. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे तसलाच धडधाकट एक्सल त्यांनी पाहूनही ठेवला होता. मीच नको म्हणालो. म्हटलं, दुसऱ्या गाडीचा काढलेला माल, त्यानं काय काय सोसलंय कुणास ठाऊक. त्यापेक्षा हाच सरळ करतो आणि खालून जाड पट्टी वेल्ड करतो, नव्याहून भक्कम होईल. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं लोखंड ठिसूळ होऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण नानांना माझी कारागिरी दाखवायची होती ना. शेवटी ते म्हणाले, तुला कळतं, तूच ठरव. मी ठरवलं.

खंडेनवमीला मी कांदिवलीला गेलो. गाडी धुतली, जॅक, पाने, हातोडे घासूनपुसून पाटावर मांडले, ताईनं हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. मग राहिलेला चिखल पुसायला मी रॉकेलचा बोळा घेऊन गाडीखाली शिरलो. माझी पट्टी जिथं संपत होती, तिथं बोळ्याचा एक धागा अडकला. मी बोट फिरवलं, आणि नखाला लागली — चीर. केसाएवढी बारीक, पण एक्सलच्या अर्ध्या वेढ्यापर्यंत गेलेली.

वर नाना झेंडूचं तोरण ओवत कुणाशी तरी हसत बोलत होते. मी स्वतःशी म्हटलं, हत्यारं तर पुजून झाली, आज काही करता यायचं नाही. पण — गाडी बाहेर काढू नका, एवढं सांगायला कुठलं हत्यार लागतं? नाना रागावलेही नसते. 'बदल म्हटलं होतं ना मी', अशा नजरेनं एकदा पाहिलं असतं, बस. ती नजर मला नको होती. फाटकाला लावायचा लाल रंग ओट्यावर होता. तो मी एक्सलला फासला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नानांनी वाकून पाहिलं. झकास दिसतंय रे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. हत्यारं मोकळी झाली. तेव्हाही मी गप्पच.

दसऱ्याच्या दुपारी नाना आपट्याची पानं घेऊन खाणीवरच्या लोकांना सोनं द्यायला जायचे, दरवर्षीचा शिरस्ता. मीही बरोबर असायचो. त्या दिवशी मी म्हणालो, माझं पोट बिघडलंय. बिघडलं नव्हतं. मी त्या गाडीत बसणार नव्हतो, आणि त्यांना बसू देत होतो. ताईसुद्धा साडी बदलून तयार होती. मला ओव्याचा काढा करून द्यायला ती मागे राहिली. भिवानं गाडी सुरू केली, नानांनी मला हात केला. काय वाटत होतं मला? एक फेरी निभेल? की काहीच वाटत नव्हतं?

परत उतरताना, वळणावर, पुढचं चाक एक्सलच्या तुकड्यासकट निखळलं. गाडी खड्ड्यात गेली. भिवा बाहेर फेकला गेला, त्याचा खांदा मोडला. नाना गाडीखाली सापडले. त्यांना घरी आणलं ते झाकूनच.

गाडीचा जाणकार म्हणून पोलिसांनी मलाच विचारलं. मी सांगितलं, जोरात दगडावर आदळल्याशिवाय एक्सल असा तुटत नाही. कुणी शंका घेतली नाही. ताई तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, वसंताचं पोट दुखलं म्हणून मी वाचले. अजून सांगते.

तेरावं झाल्यावर भिवा माझ्या गॅरेजवर आला. हात गळ्यात बांधलेला. दारातच उभा राहिला.

"वसंतराव, तुमी गाडी खालसून बघितलात. खरां सांगा, माझां काय चुकलां?"

आम्ही दोघंच होतो. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

"भिवा, वळणावर तू गाडी जोरात घेतलीस," मी म्हणालो.

मग धड असलेला हात कपाळाशी नेऊन त्यानं मला नमस्कार केला.

"बरां झालां, सांगितलात. माका वाटतच होतां."

तो गावी निघून गेला. पुन्हा कुठल्याही गाडीवर बसला नाही. आपल्या हातून धनी मेला, असं तो शेवटपर्यंत म्हणत होता, हे त्याच्या गावच्या माणसाकडून कळलं. त्यालाही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

खाणीवरच्या दोन बायकांनी ती गाडी उतरताना पाहिली होती. माणूस चालतो तेवढ्याच वेगानं भिवा ती आणत होता, असं त्यांनी अपघाताच्याच दिवशी मला सांगितलं होतं. पोलिसांनी त्यांना विचारलं नाही. मीही त्यांचं नाव कुठं घेतलं नाही.