आवाज बंद, जाळ चालू

आमची साधना तापट. माह्यावर गेली, असं तिची माय कौशल्या म्हन्ते, अन् खरंच म्हन्ते. आमी पातूरचे माळी, झेंडू-शेवंतीवाले. पोरगी मात्र अमरावतीच्या कॉलेजात आभाळात उडनाऱ्या इमानाच्या इंजिनातल्या जाळामांगं लागली.

तिनं मले समजावलं थे असं. इंधन कमी घातलं का धूर कमी होते, पन जाळ गुरगुराले लागते. गुरगुर वाढली तर इंजिनाले तडे जातात. तिचं यंत्र थे गुरगुर ऐकते अन् बरोबर उलट्या वक्ताले इंधनाचा झटका देते. झुलता पाळणा समोरून हात लावून थांबवावा, तसं. वक्त चुकला तर पाळणा अजून जोरात. दोन खेपा चुकलाच. आता बाहेरचे परीक्षक येनार होते. जमलं तर पीएचडी, नाई तर इतक्या वर्साची मेहनत पान्यात.

आमाले बी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोलावलं होतं. इंजिनाच्या जागी तिनं एक उभी नळी ठेवलेली, लोखंडाची, आतला जाळ दिसत नाई. कौशल्या नळीले जोडलेल्या गॅसच्या सिलिंडरपाशी उभी. साधनानं पेटवलं तशा खिडक्या थरथरल्या. मंग तिनं यंत्राचं बटन दाबलं अन् सगळं गप्प झालं.

तेवढ्यात कौशल्यानं सिलिंडर बंद करून टाकलं.

साधना धावलीच तिच्यावर. "काऊन बंद केलं वो माय?"

"इझलं ना थे. आवाजच थांबला. गॅस कोंडला असता." कौशल्या म्हनाली. तिची बहीन बार्शीटाकळीले इझलेल्या शेगडीच्या गॅसपायीच गेली. तवापासून शेगडीची सुरसुर थांबली का हिचा हात पह्यले सिलिंडरवर जाते. मले बी राग आला होता, पन हे आठवलं अन् राग उतरला.

परीक्षक वामनराव हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा लावा. आणि ताई, या वेळी विझलं की जळतंय, ते तुम्हीच सांगा."

पुन्हा नळी घुमली, पुन्हा गप्प झाली. कौशल्याचा हात सिलिंडरकडं निघालाच होता. साधनानं थो धरला अन् नळीच्या तोंडावर, जरा उंचावरच नेला. कौशल्यानं झटकन मागं घेतला.

"जळून राहिलं," थे म्हनाली, "आवाज नाई, पन जळून राहिलं बाप्पा."

वामनरावांनी तिथंच पीएचडीच्या कागदावर सही केली. मायलेकी एकमेकीले धरून रडल्या. मी बी रडलो, खोटं काहून बोलू.