सुनंदाबाईंचं लॉक

सुनंदाबाई फुकटचा चहासुद्धा आधी हुंगून बघतात. हे मी कौतुकानं सांगत नाही, कारण तो चहा बहुतेक वेळा माझा असतो. धुळ्यात आग्रा रोडच्या एका गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं टायपिंगचं. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, मंडळांच्या पावत्या, सगळं त्या करतात. इतक्या वर्षांचा शेजार, पण एखादा कागद झेरॉक्सला दिला की प्रत हातात पडेपर्यंत माझ्या मशीनसमोरून हलत नाहीत. हा प्रेमराज एखादी प्रत मागे ठेवून घेईल, असा त्यांचा पक्का समज. मला त्याचा राग येतो, अजूनही येतो.

त्यांचा विश्वास होता फक्त एका वस्तूवर. कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला अंगठ्याएवढा हिरवा तुकडा, धंद्यात त्याला ‘लॉक’ म्हणतात. मराठी टायपिंगचं त्यांचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं. लॉक खोचलं तरच ते चालायचं, आणि त्यात केलेली फाइल दुसरीकडे कुठेच उघडायची नाही. लोक याला अडचण म्हणत. सुनंदाबाई म्हणत, “घराला कडी नको का?” संध्याकाळी दुकान बंद करताना लॉक काढून बटव्यात टाकायच्या.

त्यांची मेघा शिरपूरला इंजिनीअरिंग शिकते. सुट्टीत आली की आईच्या मागे लागायची, “मम्मी, युनिकोडमध्ये टाइप कर. कुठल्याही मशीनवर वाचता येईल. हे नवं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि कसं बनवलंय ते सगळ्यांसमोर उघडं ठेवलंय. कोणीही तपासू शकतं.”

“तू तपासलं?”

“मी नाही, पण...”

“मंग माले उघडं काय नि झाकेल काय, सारखंच शे.”

खरं सांगतो, मलाही ते पटलं. फुकट देणाऱ्याच्या पोटात काय आहे, कोणी बघितलंय? पैसे घेणारा निदान कशासाठी गोड बोलतो ते तरी कळतं.

पण त्या लॉकमागे पत्रिकांपेक्षा मोलाचं काही होतं. त्यांच्या सासूबाई, भिकुबाई, सोनगीरच्या. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की गल्लोगल्ली त्यांना गाण्यांसाठी बोलावणं यायचं. शेवटच्या आजारपणात त्या सुनेला म्हणाल्या, माझी गाणी छापून काढ. सुनंदाबाईंनी उशाशी बसून एकेक गाणं लिहून घेतलं, टाइप केलं आणि लिहिलेले कागद फाडून टाकले. कोणाच्या हाती लागायला नकोत! कानबाईच्या नैवेद्याचे रोट थापतानाचं एक गाणं तर भिकुबाईंखेरीज कोणालाच येत नव्हतं. “ते आता बाहेर म्हनू नका, कोनी मोबाइलमध्ये भरी लेई,” असं त्यांनी सासूला बजावलं होतं. भिकुबाई “बरं” म्हणाल्या, आणि त्याच भाद्रपदात गेल्या. पुढच्या कानबाईला पुस्तक काढायचं ठरलं.

मधे दसरा आला. खंडेनवमीला आम्ही मशीनला हळदकुंकू लावतो, सगळेच लावतात. त्याच आठवड्यात कंपनीचा मेसेज आला होता, की हे लॉक यापुढे बदलून मिळणार नाही. म्हणून सुनंदाबाईंनी यंदा त्याला जास्त मान दिला. ताम्हनात ठेवलं, पंचामृताचे थेंब सोडले, ओल्या अक्षता वाहिल्या, पदरानं पुसलं आणि पुन्हा खोचलं. चट्ट असा आवाज झाला आणि जळका वास थेट माझ्या दुकानात आला.

कंपनीला फोन लावला तर कंपनी विकली गेलेली. नव्या कंपनीतली मुलगी फार गोड बोलली. नवं सॉफ्टवेअर दरवर्षी पैसे भरून मिळेल, जुन्या फाइलींची मात्र खात्री नाही. “पन ती फाइल मनी शे ना?” सुनंदाबाईंनी विचारलं. मुलगी म्हणाली, हो मॅडम, फाइल तुमचीच आहे. मेघानंही खटपट करून पाहिली, पण पडद्यावर नुसते चौकोन आले. त्या दिवशी सुनंदाबाई दुकानात बसून रडल्या. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. दोन्ही एकदम येतात कधीकधी.

मग गल्लीतल्या बायका आल्या. एकीला पहिली ओळ यायची, दुसरी पुढची उचलायची, तिसरी म्हणायची, तसं नाही गं, भिकुबाई असं म्हणायच्या. मेघानं घातलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सुनंदाबाई टाइप करत गेल्या. अर्थात, आधी इंटरनेटची वायर उपटून! सगळी गाणी जमली, रोटाचं तेवढं राहिलं. त्याच्या दोनच ओळी सुनंदाबाईंना आठवत होत्या. त्या छापल्या, खाली पान कोरं सोडलं आणि तळाला लिहिलं, ‘पुढचं कोणाला येत असेल तर कळवा.’ आपला फोन नंबर दिला. ‘सर्व हक्क राखीव’ ही त्यांची लाडकी ओळ कुठेच नव्हती.

श्रावणात पुस्तक सोनगीरपर्यंत पोचलं, आणि कानबाईचं विसर्जन झाल्यावर तिथून भागाबाई नावाच्या म्हातारीचा फोन आला. अख्खं गाणं येतं म्हणाली. सुनंदाबाईंनी फोन स्पीकरवर टाकून मला साक्षीला बोलावलं. “कोनी सांगं तुमले? पैसा किती लेशात?”

“पैसा कसाना वं माय? भिकुबाईनीच शिकाडेल शे. आम्ही भेटाले उनूत तवय सोनगीरन्या बठ्ठ्या बायासले शिकाडं तिनी. म्हने, फक्त मनी सूनले सांगू नका.”

सुनंदाबाईंनी कागद पुढे ओढला. म्हातारी गात गेली आणि त्या लिहीत गेल्या. लिहून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला, “गल्लीतल्या सगळ्यांसाठी काढा प्रेमराजभाऊ,” म्हणाल्या आणि मशीनसमोर न थांबता आपल्या दुकानात गेल्या.

मी एक प्रत जास्त काढली आणि ठेवून घेतली.